खोडता येणारा गोल

तासलेल्या शिसपेन्सिलीचा वास. लाकडाचा, किंचित गोडसर, शाळेतल्या पहिल्या बाकाचा वास. लोकांना तो सुखावतो. मला तो आला की उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर घासला जाऊ लागतो, जणू तिथे अजून रबराचा चुरा चिकटलेला आहे.

त्या सकाळी तो वास बैठकीच्या खोलीत होता. वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीतला आमचा कारखाना. औषधाच्या बाटल्यांची प्लॅस्टिकची झाकणं आम्ही करत असू. पहिल्या मजल्यावर काचेच्या दाराची ती खोली, खालून यंत्रांची एकसुरी धाप फरशीतून पायाला कळणारी. लांब टेबलापलीकडे दोघे. कारखान्याचे मालक, ज्यांना आम्ही सगळे साहेब म्हणत असू. आणि मुंबईहून आलेले एक सल्लागार, मोठ्या पदांसाठी माणसं निवडण्याचा ज्यांचा व्यवसाय होता. टेबलाच्या अलीकडे एकच खुर्ची. तीत मी.

पद मनुष्यबळ विभागाच्या प्रमुखाचं होतं. अकरा वर्षं मी त्या विभागात होते. आधीचे प्रमुख निवृत्त झाल्यापासून विभाग मीच चालवत होते, नावाशिवाय. त्या दिवशी मला ते नाव हवं होतं. इतकं साधं होतं ते. नवी साडी नेसले नव्हते, पण जुनीला इस्त्री दोनदा केली होती.

साहेबांनी माझा अर्ज पुढे ओढला. चष्मा कपाळावर सरकवला.

"ताई, सुरुवात करण्याआधी चहा द्या ना जरा. तुम्हाला माहीतच आहे, कुणाला कसा लागतो ते."

कोपऱ्यातल्या मेजावर थर्मास होता. शेजारी कपबश्या.

मी उठले.

हे मला लिहिलंच पाहिजे. कुणी हाताला धरून उठवलं नाही. आवाज चढवला नाही. उलट आवाजात आपुलकी होती, आणि त्या आपुलकीला माझे पाय सवयीने उठून उभे राहिले. मी स्वतःच्या मुलाखतीत चहा ओतला. वाफ चष्म्यावर आली. क्षणभर मला काहीच दिसलं नाही, आणि तो क्षण बरा होता.

सल्लागारांनी कागदातून मान वर न करता कप घेतला. "बिनसाखरेचा ना? थँक यू." मग घड्याळ पाहिलं. "कँडिडेट किती वाजता येणार आहेत?"

साहेब हसले. "अहो, ह्याच त्या."

"अरे! सॉरी, सॉरी. माझ्या लक्षातच नाही आलं."

दोघे हसले. मग त्यांनी तो चहा प्यायला.

मी साहेबांसमोर बशी ठेवायला वाकले, तेव्हा माझा अर्ज मला उलट बाजूने दिसला. माझं नाव, माझं गाव, माझी अकरा वर्षं. आणि वरच्या कोपऱ्यात, वाटाण्याएवढा, पेन्सिलीने काढलेला एक गोल.

त्या खोलीत त्या गोलाचा अर्थ माझ्याइतका कुणालाच ठाऊक नव्हता. कारण अकरा वर्षं तो मीच काढत आले होते.

आमच्या विभागात ही एक रीत होती. कुठल्याही परिपत्रकात ती लिहिलेली नव्हती. आमच्याकडून झाकणं घेणाऱ्या कंपन्यांची अट अशी, की कुठल्याही जागेसाठी किमान तिघांच्या मुलाखती व्हाव्यात आणि तिघांची गुणपत्रकं फाइलीत असावीत. त्यांची माणसं तपासणीला येत, फाइली उघडून पाहत. म्हणून तीन माणसं बोलवायची. जागा बहुतेक वेळा आधीच कुणाच्या तरी भाच्याची, कुणाच्या तरी शेजाऱ्याची झालेली असे. उरलेल्या दोघांनी यायचं, घाम पुसायचा, उत्तरं द्यायची, निघून जायचं. त्या दोघांच्या अर्जावर गोल. गोल म्हणजे, हा माणूस बोलवायचा आहे, घ्यायचा नाही.

"पेन्सिलीनेच काढायचा," आधीच्या प्रमुखांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. "पेनाने कधीही नाही. पेन्सिल खोडता येते."

मुलाखत संपली की गोल खोडायचा, आणि कागद फाइलीत लावायचा. ते कामही माझंच. रबराचा चुरा मी तळहाताने गोळा करत असे. खोडलेल्या जागेवर फुंकर घालत असे. कागद पुन्हा पांढरा होई, पण अर्ज तिरपा करून उजेडाला धरला तर एक वळ दिसे, पाण्यात दगड पडून गेल्यावर उरावा तसा. बोटाच्या टोकाला तो लागे. डोळ्याला फसवता येतं. बोटाला नाही.

गोल कुणाला मिळे? आडनावाला मिळे. गावाला मिळे. हिचं लग्न व्हायचंय, हिला मूल लहान आहे, ह्याची चप्पल बघितलीत का, ही आपल्या माणसांत मिसळणार नाही. पुष्कळदा तर तोंडातून शब्दही निघत नसे. अर्जाच्या ढिगातून एकेक कागद वर येई, साहेबांची मान किंचित हले, आणि माझी पेन्सिल खाली उतरे.

माझा हात हलका होता. कॉलेजात मी कविता लिहीत असे. शब्दाला वजन असतं, एक अक्षर हललं तरी ओळ कोसळते, असं मला शिकवलं होतं आणि ते मला पटलंही होतं. नोकरीत मी दुसरं शिकले. गोलाला वजन नसतं. गोल म्हणजे काही लिहिणं नव्हे.

आणि मी कुणाची मुलगी? नायगावकडच्या मिठागरात राबणाऱ्या माणसाची. आमच्या घरात मीठ विकत आणल्याचं मला आठवत नाही, आणि बाबांच्या टाचा कधी भरून आल्याचंही आठवत नाही. दुपारी मिठागराच्या बांधावर उभं राहिलं की पांढऱ्या उजेडाने डोळे आपोआप मिटत. मिटल्या डोळ्यांनाही पांढरंच दिसे. शाळेत मी 'पानी' म्हटलं की वर्ग हसे. म्हणून मी माझी जीभ घासली, भांडं घासावं तशी, रोज. इतकी, की पुढे ऑफिसात आईचा फोन आला की मी जिन्यात जाऊन बोलू लागले. आवाज खाली घेऊन. आई तिकडून विचारी, "कनाला हलू बोलतस गो?" का हळू बोलतेस, म्हणून. आईचा प्रत्येक प्रश्न 'कनाला'नेच सुरू होई. कनाला उठलीस. कनाला हसतस. कनाला नाय जेवलीस. मी म्हणे, "काही नाही, काम आहे." शुद्ध. जिन्यात कुणी नसतानाही शुद्ध.

माझ्या गावावरून, माझ्या आडनावावरून जो गोल मला सहज मिळाला असता, तो मी इतरांवर काढत होते. मला वाटे, पेन्सिल माझ्या हातात आहे म्हणजे मी कागदावर नाही.

एकीचं सांगते. बाकीचे पुसट झाले आहेत, ही नाही.

ती चांदीपहून आली होती. झाकणांच्या तपासणी विभागात पर्यवेक्षकाची जागा होती. जागा ठरलेली होती. तिच्या अर्जावर मी आदल्या दिवशीच गोल काढला होता. तिला पाहण्याआधी, तिचा आवाज ऐकण्याआधी. ती दोन गाड्या बदलून दहा वाजता पोचली, आणि आम्ही तिला तीन वाजेपर्यंत बाकावर बसवून ठेवलं. मांडीवर कापडी पिशवी. पिशवीत डबा होता, तो तिने उघडला नाही. आपण जेवत असतानाच नेमकी हाक आली तर, असं तिला वाटलं असेल.

आत तिला सहा मिनिटं मिळाली. मी टिपणं घ्यायला टेबलापलीकडे बसले होते.

"चांदीप म्हणजे पार तिकडे. रोज कशी येणार?"

"पयल्या गाडीनं येन, साहेब."

"लग्न?"

"अजून नाही."

"मग झाल्यावर?"

कामाबद्दल तिला एकही प्रश्न विचारला गेला नव्हता, हे तिच्या लक्षात आलं असावं. कारण तिने स्वतःच टेबलावरचं नमुन्याचं एक झाकण उचललं, विचारून उचललं, आणि नखाने त्यावर टिचकी मारली.

"आधीच्या वर्कशॉपमदी मी कानानं बघायची," ती म्हणाली. "बारीक तडा डोल्याला दिसत नाय. पन टिचकी मारली का आवाज बसका येतो. हा चांगला आहे. ऐका."

टक्.

स्वच्छ, गोल, भरीव आवाज. मी तो ऐकला. कवितेत ज्याची वाट पाहावी तसला आवाज. एक माणूस आपलं सगळं कसब दोन बोटांत धरून आमच्यासमोर उभं होतं.

"वा," साहेब म्हणाले. "म्हणजे एवढी मशीनं आम्ही उगाच घेतली. कानवालीच ठेवायची होती एक."

सगळे हसले.

मीही हसले.

मग रीतीप्रमाणे मी शेवटचा प्रश्न विचारला. तो प्रश्न माझ्या वाट्याचा असे. "आपल्याला आम्हाला काही विचारायचं आहे?" तिने मान हलवली. नाही. गुणपत्रकात मी तिच्या नावापुढे आत्मविश्वासाला दहापैकी चार दिले. तेही सांगितलेलेच.

तिला दारापर्यंत सोडायला गेले. व्हरांड्यात मी म्हणाले, "कळवू आम्ही." कागद मी छातीशी धरले होते, आणि तिचा अर्ज वर होता, बाहेरच्या बाजूला तोंड करून. तिने तो गोल पाहिला. बाकावर शेजारी बसलेल्या मुलाकडून सकाळी मी अर्जावर सही घेतली, तेव्हा तिने तो अर्ज पाहिला असणार; त्याच्यावर गोल नव्हता. मी कागद उलटे केले. उशीर झाला होता.

तिने माझ्या डोळ्यांत पाहिलं आणि एक शब्द विचारला. एकच.

"पुढच्या उमेदवाराला पाठवा," असं मी मोठ्याने म्हणाले. कुणाला म्हणाले, ठाऊक नाही. बाकावर पुढचा उमेदवार नव्हताच.

त्या दिवसापासून झाकणं माझ्याशी बोलतात. आईच्या औषधाची बाटली उघडते, टक्. शेजारच्या घरात कुणी बरणी लावतं, टक्. मी थांबते. मला कळतं की मी ऐकते आहे, आवाज बसका आहे की भरीव. आणि प्रत्येक वेळी तो शब्द.

तर मी बशी ठेवली. आणि परत माझ्या खुर्चीत येऊन बसले.

मुलाखतीसाठीचे सात प्रश्न मीच टंकले होते. पदासाठीच्या तिन्ही उमेदवारांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने, असा आग्रह धरून साहेबांकडून मी ते मंजूर करून घेतले होते. कारण इतक्या वर्षांत एवढं मला कळलं होतं: माणसाला त्याने केलेल्या कामाबद्दल विचारलं तर तो उलगडत जातो, आणि त्याच्या घराबद्दल विचारलं तर आपणच उघडे पडतो. चौथा प्रश्न माझ्या विशेष आवडीचा होता. 'तुमचा चुकलेला एखादा निर्णय सांगा, ज्याने दुसऱ्या कुणाचं नुकसान झालं. त्यानंतर तुम्ही काय केलंत?' ज्याला माणसांवर अधिकार गाजवायचा आहे, त्याला आधी हे विचारावं. जो म्हणेल, असं कधी झालंच नाही, त्याला दार दाखवावं.

सातांपैकी एकही प्रश्न मला विचारला गेला नाही.

"मिस्टर काय करतात तुमचे?"

"आई तुमच्याकडेच असतात ना? मग उशिरापर्यंत थांबणं वगैरे कसं जमेल?"

"खालच्या लोकांना तुमच्याबद्दल प्रेम आहे, ते मी नाकारत नाही. पण प्रमुख म्हटलं की दरारा लागतो, ताई. तो काही शिकवून येत नाही. तो घरातून येतो."

सल्लागार इंग्रजीत काहीतरी लिहीत होते. मी त्यांच्या पेनाची निब पाहत होते. 'घरातून येतो.' माझ्या घरातून काय आलं होतं? टाचांच्या भेगा. बांधावर मिटलेले डोळे. कनाला, कनाला, असं अखंड विचारणारी एक बाई.

आणि मग सल्लागारांनी वही मिटली. सरावाने, प्रसन्नपणे ते म्हणाले, "तुम्हाला आम्हाला काही विचारायचंय?"

माझा प्रश्न. माझ्या वाट्याचा प्रश्न. अकरा वर्षं मी तो अशाच आवाजात विचारला होता, आणि समोरच्याने नाही म्हणावं अशीच त्या आवाजाची घडण असते, हे मला त्या क्षणी, त्या खुर्चीत बसल्यावर कळलं.

"हो," मी म्हणाले. "माझ्या अर्जावर हा गोल कधी काढला?"

"कसला गोल?"

मी उठले. पण या वेळी चहासाठी नाही. टेबलापाशी जाऊन मी त्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"हा. मी आत येण्याआधी काढला की नंतर, एवढंच विचारते आहे."

सल्लागारांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. रागावले नाहीत ते. ते रागावले असते तर मी कदाचित पुन्हा बसले असते.

"अहो ताई, पेन्सिल आहे ती. खोडून टाका ना. नाहीतरी फाइल तुम्हीच लावणार आहात." आणि त्यांनी तिन्ही अर्जांचा गठ्ठा माझ्याकडे सरकवला. "उद्या तपासणी आहे. तेवढं आजच करून ठेवा."

म्हणजे मीच. माझ्यावरचा गोल मीच खोडायचा. माझा चुरा मीच गोळा करायचा. माझ्यावर फुंकर मीच घालायची, आणि मला फाइलीत लावून तपासणीला उभं करायचं. ह्यात त्यांना काही वावगं दिसत नव्हतं. मलाही दिसलं नसतं, तो गोल दुसऱ्या कुणाचा असता तर.

माझ्या पर्समध्ये निळ्या शाईचं पेन होतं. मी ते काढलं. माझ्या अर्जावरचा तो गोल मी शाईने गिरवला. सावकाश. अख्खा. सुरुवातीच्या बिंदूला शेवट नीट जुळवून. गोल किंचित वाकडा आला. त्याच्या शेजारी मी लिहिलं, 'मुलाखतीपूर्वी काढलेला.' खाली तारीख घातली. सही केली.

"हे काय करताय?" साहेबांचा आवाज आता बदलला. "आम्ही तुम्हाला घरचं मानलं, ताई."

"घरच्यांना अर्ज करावा लागत नाही, साहेब."

हे वाक्य मी आधी जुळवून ठेवलेलं नव्हतं. ते आलं. गठ्ठा मी टेबलावरच ठेवला. थर्मासाचं झाकण उघडं राहिलं होतं. ते लावावं असं हाताला वाटलं. हाताला मी थांबवलं.

बाहेर विभागात सायली बसली होती. माझ्या हाताखालची मुलगी, तुळिंजची. आईवडील कोकणातून येऊन तिथे स्थायिक झालेले. कामाला चपळ, बोलायला गोड. दोन वर्षांपूर्वी मीच तिची मुलाखत घेतली होती. तिच्या टेबलावर पेन्सिलीच्या सालींची छोटी चुंबळ पडली होती. वास तिथून येत होता.

मी काही विचारण्याआधीच तिचा चेहरा उतरला.

"मॅडम, साहेबांनी काल सांगितलं मला. तुम्ही जेवायला गेला होतात तेव्हा. मला वाटलं तुम्हाला माहितीये. आय मीन, प्रोसिजरच आहे ना आपली?"

"हलक्या हाताने काढलास."

"तुम्हीच शिकवलंत ना," ती म्हणाली. टोमणा नव्हता तो. ती खरंच मला धीर देत होती. "तुम्ही म्हणालात, जोर नाही द्यायचा, खोडल्यावर दिसता कामा नये."

मी तिच्यासमोर उभी राहिले. रागावायला मला तिच्यात कुणी सापडेना. हात तिचा होता. वळण माझं होतं. मी तिला हाताला धरून ते गिरवायला शिकवलं होतं, लहान मुलाला श्री शिकवावा तसं, आणि ती ते नीट शिकली होती. माझ्यावर जो गोल निघाला, तो माझ्याच हाताखालून तयार झालेला होता. साहेबांनी फक्त मान हलवली होती.

अपमान त्या खोलीत झाला, असं मी बरेच दिवस सांगत असे. आता सांगत नाही. खोलीत मला फक्त तो दिसला. चालू तो आधीपासून होता, आणि मी त्याची नोकर होते.

मला ते पद मिळालं नाही, हे सांगायला नको. ज्याचं ठरलं होतं त्याला ते मिळालं. माझा अर्ज त्या फाइलीत लागला की फाडला गेला, ठाऊक नाही. महिनाभराने मी राजीनामा दिला. का देते आहे, ते साहेबांनी विचारलं नाही. सायलीने निरोपाला पेढे आणले होते. तिला मी एवढंच म्हणाले, "पुढचा गोल काढायला सांगतील, तेव्हा कारण लिहून मागून घे." तिने मान डोलावली. तिने तसं केलं की नाही, मी कधी विचारलं नाही. विचारायचा अधिकार मला आहे असं वाटत नाही.

आता मी नालासोपाऱ्यात एका लहान छपाई कारखान्यात आहे. पद लहान. मुलाखती मात्र मी घेते. सगळ्यांना तेच प्रश्न. त्यांनी केलेल्या कामाचे. प्रत्येकाला दिलेल्या वेळेला आत घ्यायचं, आणि उशीर आमच्याकडून झाला तर माफी मागायची. शक्य असेल तिथे काम करून दाखवायला सांगायचं, आणि दाखवताना कुणी हसायचं नाही. गुण आपापले लिहायचे, मग तोंड उघडायचं; मालकांनी सगळ्यांत शेवटी. जे काही लिहायचं ते शाईने. चहा आधी उमेदवाराला. आणि ज्याला घेतलं नाही, त्याला कारण कळवायचं. कामाचं कारण. ते लिहिता येत नसेल तर ते कारण नव्हे.

तिथले मालक वैतागतात. "मॅडम, तुम्ही मुलाखत घेता का आमची जबानी?"

"दोन्ही," मी म्हणते.

टेबलात मी पेन्सिल ठेवत नाही. कुणी ठेवली तर उचलून देते. लोकांना हा माझा विक्षिप्तपणा वाटतो. वाटू दे.

पण हे सगळं पुढच्यांसाठी झालं. मागचे तसेच आहेत. मी काढलेले गोल कितीतरी कागदांवर आहेत, खोडलेले, वळ उरलेले, त्या कारखान्याच्या कपाटात एकावर एक दाबलेले. कधीकधी भर दुपारी मला ते दिसतात. बांधावर उभं राहून डोळे मिटल्यावर पांढरं दिसायचं, त्या पांढऱ्यावर एकेक गोल उमटत जातो. प्रत्येक गोलात एक मांडी, मांडीवर एक पिशवी, पिशवीत न उघडलेला डबा.

चौथा प्रश्न मला कुणी विचारला नाही. म्हणून हे उत्तर मी न विचारता लिहिते आहे. माझा चुकलेला निर्णय सांगितला. कुणाचं नुकसान झालं, तेही सांगितलं. प्रश्नाचा अर्धा भाग उरतो: त्यानंतर तुम्ही काय केलंत?

चांदीपच्या गाडीत मी दोनदा बसले. दोन्ही वेळा पारोळच्या फाट्याला उतरले आणि परत आले. तिचं नाव मला पाठ आहे. इथे लिहीत नाही, ते तिचं आहे. तिला दुसरीकडे काम मिळालं असेल. नसेल. ती मला ओळखणार नाही. किंवा लगेच ओळखेल. मला क्षमा नको आहे, ती मागायला मी जाणार नाही. क्षमा मागणं म्हणजे पुन्हा तिच्याकडूनच काहीतरी घेणं.

तिसऱ्यांदा मी फाट्याला उतरणार नाही. तिच्या दारात जाईन. ती बसेल, मी उभी राहीन. काय केलं, कुणाच्या सांगण्यावरून केलं, आणि सांगण्यावरून असलं तरी हात माझा होता, हे सगळं मी तिला सांगेन. शुद्ध नाही सांगणार. आईशी जिन्यात जी बोली मी बोलू शकले नाही, तीत सांगेन. आणि मग तिने विचारावं. हवं ते, हवं तितक्या वेळा, हवा तितका वेळ मला ताटकळत ठेवून. ती पहिल्यांदा काय विचारेल ते मला ठाऊक आहे. त्या व्हरांड्यात, माझ्या छातीशी धरलेल्या कागदांकडे आणि मग माझ्या डोळ्यांत पाहून, माझ्याच घरातल्या आवाजात तिने तेच विचारलं होतं:

"कनाला?"